देव्हाऱ्यातली डिस्क

माझ्या कॉम्प्युटरवर जवळजवळ वर्षभर एक पाटी येत होती. तुमची सिस्टिम जुनी झाली आहे, तिला यापुढे कुणी वाली नाही, नवी घ्या, अशा अर्थाची. खाली दोन बटणं, 'आत्ता' आणि 'नंतर आठवण करा'. मी इमानेइतबारे रोज सकाळी 'नंतर' दाबायची आणि कामाला लागायची. मी मुळात घाबरट आहे. गॅस बंद केला का ते तीनदा बघते, कुलूप ओढून बघते, जिना उतरते आणि अर्ध्या जिन्यावरून परत वर जाते. असल्या बाईनं चालत्या मशीनच्या वाटेला जाऊ नये एवढी अक्कल मला होती.

पण नवरात्राच्या तोंडावर कोर्टाचे कागद जिथं ऑनलाइन जमा करायचे ती साईटच माझ्या मशीनवर उघडेना. पांढरं पान यायचं आणि मधोमध एक चकती गोल गोल फिरत राहायची. छावणी भागातल्या वकीलबाईंचा फोन आला. दसऱ्याच्या सुट्ट्यांनंतर लगेच तारीख आहे, भाषांतर वेळेत चढवा, नाहीतर माझी पंचाईत होईल. मी हो म्हटलं. 

आमचं काम काय ते सांगते. आमचं म्हणजे माझं आणि नानांचं. नाना माझे वडील. मुकुंदवाडीतल्या घरात आम्ही दोघंच राहतो. आपल्याकडं जमिनीचा वाद दोन पिढ्या मागं गेला, की कुठल्या तरी ट्रंकेतून निजामाच्या काळातला एखादा कागद निघतोच. तो असतो उर्दूत, त्यात निम्मे शब्द फारसी, आणि लिहिणारा कारकून घाईत असल्यासारखी सगळी अक्षरं एकमेकांत मिसळलेली. कोर्टाला तो मराठीत लागतो. नाना लहानपणी उर्दू शाळेत शिकले, पुढं सगळी नोकरी जमिनीच्या रेकॉर्डमध्ये झाली. रिटायर झाल्यावर ते असे कागद वाचून द्यायला लागले आणि मी टाइप करायला लागले. त्याला आता वीसेक वर्षं झाली असतील.

मधल्या काळात नानांच्या डोळ्यांचा पडदा गेला. कडेकडेनं अंधुक दिसतं, पण ज्याच्याकडं बघावं तेच नेमकं काळं. मला छापलेलं उर्दू जेमतेम जमतं, कारकुनांचा हात वाचता येत नाही. मग आम्ही एक तोड काढली. मी भिंगाखाली कागद धरते, एक शब्द निवडते, आणि तो जसा दिसतो तसा बोटानं नानांच्या उजव्या तळहातावर काढते, उजवीकडून डावीकडं, नुक्त्यांच्या टिंबांसकट. नाना डोळे मिटून घेतात. कधी म्हणतात, "परत काढ, शेपूट लांब आहे का आखूड?" आणि मग शब्द सांगतात. मी टाइप करते. बघणाऱ्याला वाटेल बाप-लेक हात बघण्याचा धंदा करतात.

या सगळ्याचा आधार म्हणजे एक फाईल. आम्ही तिला नुसतं 'फाईल' म्हणतो. नानांना दिसत होतं तेव्हापासून, जो जो अडलेला शब्द सुटला तो तिच्यात गेला. त्याचा अर्थ, कुठल्या तालुक्याच्या कागदात कुठल्या अर्थानं येतो, कुठला कारकून कसा लिहितो, कुठं फसायला होतं. दीड हजाराच्या वर शब्द झाले होते. नानांचा आता स्वतःच्या आठवणीवर भरवसा राहिलेला नाही. शब्द सांगितला की लगेच म्हणणार, "माझ्या डोक्यावर जाऊ नकोस, फाईल काय म्हणते बघ." मी उघडायची, वाचून दाखवायची, आणि त्यांचा चेहरा सैल व्हायचा. डोळे गेले तेव्हा ते मला म्हणाले होते, "माझं जेवढं होतं तेवढं त्यात टाकलंय, आता मी गेलो तरी तुझं अडणार नाही." मी त्यांच्यावर चिडले होते. पण ते खरं होतं.

अष्टमीला बजाजनगरचे एक रिपेअरवाले गृहस्थ आले. पन्नाशीचे आहेत. आधी वाळूजला कंपनीत लाइनवर होते, मग हे काम शिकले. मशीन उघडून त्यांनी आत टॉर्च मारला आणि च्च च्च केलं.

"ताई, लई जुनं झालंय हे. नवी सिस्टिम टाकायची तर डिस्कच नवी घालावी लागंल."

"आणि माझ्या फायली?"

"त्या कुठं जात नायत. तुमचं कागदपत्रांचं फोल्डर हाय ना, ते समदं उचलून नव्यावर टाकतो. अन् जुनी डिस्क तुमच्याच हातात देऊन जातो. काय अडलंच तर परत जोडून देतो, तासाभराचं काम. हाय तसं."

हे 'हाय तसं' मी घट्ट धरून ठेवलं. दुपारभर ते बसले होते. जाताना त्यांनी खरंच जुनी डिस्क माझ्या हातात दिली. तळहाताएवढी जड लोखंडी वस्तू, वरून पांढरं लेबल, खालून उघडी हिरवी पट्टी आणि त्यावर बारीक बारीक चांदीचे ठिपके. नानांनी ती मागून घेतली, दोन्ही हातांनी चाचपली, वजन बघितलं.

"सगळं यातच का? फाईल पण?"

"यात पण आणि आता नव्यात पण," मी म्हटलं. तोवर मी मशीन धड उघडून बघितलेलंही नव्हतं.

बघणार कधी? ते स्वतःच बोलत बसलं होतं. आधी म्हणालं, नमस्कार. मग म्हणालं, थोडं थांबा, तुमच्यासाठी सगळं तयार करतोय. मग माझा ईमेल मागितला, मोबाईल नंबर मागितला, माझा चेहरा बघू म्हणालं. मी कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. मग परत, थोडं थांबा. स्वयंपाकघरातून मी चार वेळा डोकावले, चारही वेळा ते तयारच करत होतं. शेवटी मी बंद केलं आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी तलवार-भाले कधीच नव्हते, लेखणीवाल्यांचं घर. त्या दिवशी पूजेला लागतात नानांचे दौत-टाक, सर्व्हेची जुनी पितळी पट्टी, भिंग, पाठ सुटलेला उर्दू कोश आणि गेल्या काही वर्षांपासून कीबोर्ड. एकदा हत्यार पूजेला लावलं की दिवसभर त्याला हात लावायचा नाही, दसऱ्याला उचलायचं. हा नियम नाना फार कडक पाळतात. त्या दिवशी म्हणाले, "ती डिस्क पण दे. इतकी वर्षं तिनं काम केलंय, तिची पूजा नको?"

मला ते आवडलंच. कौतुकच वाटलं मला. देव्हाऱ्यासमोर पाटावर लाल कापड घातलं होतं. नाना चाचपडत एकेक वस्तू मांडत होते. मी कढईत पुरणाच्या मागं होते. ते म्हणाले, "अगं, हिची वरची बाजू कुठली?"

"कुठलीही ठेवा हो," मी आतून म्हटलं.

एवढंच. मला तो क्षण नीट आठवतो, कारण पुढं मी तो शंभर वेळा आठवला. पुरण लागेल म्हणून मी वळून बघितलंसुद्धा नाही. घंटा वाजली, आरती झाली, मी जाऊन हात जोडले. मशीन दिवसभर झाकून ठेवलेलं. मला ते उघडून बघायची इतकी घाई झाली होती, की दुपारी मी दोनदा त्याच्याजवळ जाऊन कापडाची घडी सरळ करून आले.

दसऱ्याला आंघोळ झाल्याबरोबर मी बसले. आणि माझ्या लक्षात आलं, की मला माझंच मशीन चालवता येत नाही. डाव्या कोपऱ्यातलं बटण मधोमध जाऊन बसलेलं. कोपऱ्यात हवामान, अंशतः ढगाळ. त्याच्याशेजारी कुठल्या तरी नटीच्या लग्नाची बातमी. प्रिंटर सापडत नाही. मी टाइपरायटरवर शिकलेली, माझी बोटं न बघता चालतात, आणि या सिस्टिमला तो कीबोर्ड माहीतच नाही. 'महसूल' लिहायला गेले तर कुणी कीबोर्डवर बसल्यासारखी अक्षरं उमटली. हेही ठीक. पण ज्यात आम्ही सगळं मराठी काम करायचो ते जुनं सॉफ्टवेअरच दिसेना. त्याची सीडी होती. ती घातली. पाटी आली, हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही. का, कशामुळं, काही नाही. खाली एकच बटण, 'ठीक आहे'. काय ठीक आहे?

मग मी फाईल शोधायला लागले. कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये विजेची बिलं होती, नानांच्या डोळ्यांचे रिपोर्ट होते, कोण कुठल्या लग्नातले फोटो होते. फाईल नव्हती. हळूहळू डोक्यात उजेड पडला. ते जुनं सॉफ्टवेअर स्वतःच्या फायली स्वतःच्याच पोटात ठेवायचं, वेगळ्या जागी. रिपेअरवाल्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं.  पण लगेच आठवलं, जुनी डिस्क आहे की! हाय तसं. मी उठून देव्हाऱ्यापाशी गेले.

डिस्क पाटावर उताणी होती. हिरवी पट्टी वर. कोरडी हळद लोखंडावर टिकत नाही म्हणून नानांनी हळद-कुंकू पळीभर पाण्यात कालवलं होतं आणि त्याची चार बोटं, एकेका बोटाला जागा चाचपून, नेमकी त्या चांदीच्या ठिपक्यांवर ओढली होती. वर अक्षता चिकटलेल्या, एक झेंडूची पाकळी. फुलानं पाणी शिंपडलं होतं ते सांध्यांत जाऊन वाळलं होतं. हळद खाली सरकून कडेच्या स्क्रूमध्ये शिरली होती. इतक्या मनापासून केलेली पूजा मी दुसरी पाहिली नाही.

मी घाबरून नको ते केलं. ओल्या फडक्यानं पुसलं. मग ओलं केलं म्हणून अजून घाबरले. मोबाईल भिजला की लोक तांदळात ठेवतात हे आठवलं, म्हणून ती कोलमच्या डब्यात पुरून ठेवली. अक्षतांनी सुरुवात झाली होती, अख्ख्या तांदळावर येऊन ठेपली.

नाना बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "काय शोधतेस?"

"काही नाही. तांदूळ निवडते."

सोनं द्यायला शेजारपाजारचे आले, मी सगळ्यांशी हसून बोलले. एकादशीला रिपेअरवाले आले तेव्हा मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी डिस्क नाकाजवळ नेऊन बघितली. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

"ताई, वल्ली होती तवा कुणी वायर लावली का हिला?"

"नाही."

"मग आशा हाय."

त्यांनी आपल्या बॅगेतून वायर काढून ती जोडली. टिक, टिक, टिक, आणि गप्प. परत जोडली. या वेळी टिकसुद्धा नाही. त्यांनी लगेच वायर ओढली.

"दुकानात न्यावी लागंल. स्पिरिटनं धुतो, एखादा पार्ट उडाला असंल तर बघतो. जमंलच असं मी बोलत नाय." मग आतल्या खोलीकडं बघून म्हणाले, "काकांना सांगितलं का?"

"नाही. आणि तुम्ही पण सांगू नका."

कसं सांगणार होते? फाईल गेली हे एक वेळ सांगता आलं असतं. ती तुमच्याच बोटांनी गेली हे कसं सांगू? ज्या माणसाचे डोळे गेले आणि ज्याला वाटतं की माझं सगळं त्या डिस्कमध्ये सुखरूप आहे, त्याला? आणि बाजू विचारली होती त्यांनी. 'कुठलीही' मी म्हटलं होतं. मी ठरवलं, डिस्क परत येईपर्यंत फाईल आहे असंच वागायचं. त्यांना स्क्रीन दिसत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्या आंधळेपणाचा आधार वाटला, आणि स्वतःची लाज वाटली.

वकीलबाईंचा कागद तसाच होता. तारीख काही थांबणार नव्हती. आम्ही बसलो. एका बाईचं नाव होतं त्यात, आज असलेल्या वारसांची कुणीतरी पणजी. नावापुढं एक शब्द. मी नानांच्या तळहातावर काढला. नाना डोळे मिटून म्हणाले, "शिकमीदार." आणि नेहमीसारखं, "फाईल काय म्हणते बघ."

मी कीबोर्डवर बोटं आपटली. समोर कोरं पान होतं. आठवायचा प्रयत्न केला. हा शब्द शेकडो वेळा वाचलेला, पण आता अर्थ येईना. "म्हणते की, पट्टेदाराकडून जमीन कसायला घेणारा."

नानांनी हात मागं घेतला. मग हळूच म्हणाले, "असं लिहिलंय आपण?"

"हो."

"ते असामी शिकमीचं झालं. कुळाचं. शिकमीदार वेगळा. तो हिस्सेदार, वाटेकरी. फक्त सरकारी पट्ट्यावर नाव नसतं त्याचं." मग म्हणाले, "ही चूक आपण कशी ठेवली?"

"टाइप करताना खालीवर झालं असेल."

"दुरुस्त कर."

मी कोऱ्या पानावर मिळेल ती अक्षरं बडवली. ऐकू जावं म्हणून जरा जोरातच.  मी म्हटलं तसं गेलं असतं तर त्या पणजीचा जमिनीतला वाटा माझ्या एका ओळीनं पुसला गेला असता. ती कोण, कशी होती मला माहीत नाही, पण त्या दिवशी मी तिची मनोमन माफी मागितली. भाषांतर मी नव्या सिस्टिमवर दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं. पंधरा ओळींना सकाळ गेली. मध्येच मशीन म्हणालं, अपडेट आलं आहे, मी आता बंद होऊन परत सुरू होतो. मी त्याला तोंडानं जे म्हटलं ते इथं लिहिणार नाही.

साईट मात्र उघडली. कागद चढला. ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं होतं ते झालं, आणि मला कणभर आनंद झाला नाही.

त्या दिवशी चहा झाल्यावर नाना म्हणाले, "एक वही काढ. लाइट जाते, मशीनचा काय भरवसा. थोडे शब्द वहीत पण असू देत." मला वाटलं, देवच पावला. मी वही घेऊन बसले आणि ते अगदी पहिल्या शब्दापासून सांगायला लागले. अव्वल कारकून, असामी, इनाम. पहिले दहा-बारा सरसर आले. मग अडखळले. शब्द आठवे तर अर्थ अर्धा यायचा, अर्थ आठवे तर कुठल्या तालुक्यातला ते निसटायचं. मग ते कपाळावर हळूहळू मुठीनं मारायचे आणि म्हणायचे, "गेला." मी म्हणायची, "असू द्या, फाईलीत आहे." ते म्हणायचे, "हो, फाईलीत आहे." पाच-सहा दिवसांत चाळीसेक शब्द झाले. दीड हजारांतले चाळीस. रोज वही मिटताना मला कळत होतं, की डिस्क नाही आली तर एवढंच राहणार आहे.

त्याच दिवसांत नानांनी पूजा सोडली. म्हणाले, "तूच उरकत जा, माझा हात आता नीट पडत नाही." गेली कित्येक वर्षं देवांना गंध त्यांच्याच बोटानं लागायचं. डोळे गेल्यावरसुद्धा. जेवणही कमी झालं होतं. मी म्हटलं वय आहे, सणाचं जड खाल्लंय, पोट बिघडलं असेल. ओवा दिला. माझं सगळं लक्ष फोनकडं होतं. रिपेअरवाल्यांना मी दिवसातून दोनदा फोन करायची. ते बिचारे दर वेळी तेवढ्याच शांतपणे म्हणायचे, "ताई, धुवून वाळत घातलीय. घाई केली तर उरलंसुरलं जाईल."

कोजागिरी झाली. त्यानंतर दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "या तुम्ही. फोनवर नाय सांगत."

नानांना मी म्हटलं, छावणीत वकीलबाईंकडं जाऊन येते. मुकुंदवाडीपासून बजाजनगर म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक. बसमध्ये बसले. क्रांती चौकात सिग्नल, बाबा पेट्रोल पंपापाशी सिग्नल, छावणीच्या पुलावर ट्रकच्या मागं ट्रक. फोनवर न सांगण्यासारखं काय असतं? वाईटच असतं. नगर नाका ओलांडेपर्यंत मी फाईल गेली असं धरून, नानांना सांगायची वाक्यं तयार करत होते. वाळूजच्या अलीकडच्या पंढरपूर फाट्यापर्यंत एकही वाक्य झालं नव्हतं.

दुकानात त्यांनी एका जुनाट कॉम्प्युटरचा डबा चालू करून ठेवला होता. स्क्रीनवर माझी जुनी निळी सिस्टिम. डाव्या कोपऱ्यात बटण. मी न बघता हात पुढं केला आणि माझी बोटं आपोआप योग्य जागी गेली. फाईल उघडली. अव्वल कारकून. असामी. मी तिथंच खुर्चीवर बसून रडले. गिऱ्हाईक बसलं होतं एक, ते उठून बाहेर गेलं.

"एक बारका पार्ट उडाला व्हता," रिपेअरवाले म्हणाले. "दुसऱ्या डिस्कचा काढून लावला. फोनवर सांगितलं नाय, म्हणलं तुम्ही येऊस्तोवर बंद पडली तर? आता ऐका. ते सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाय म्हणजे नाय. हा डबा घेऊन जावा, फाईलीचं काम याच्यावर करा, साईटचं नव्यावर. अन् पयलं छापून घ्या समदं."

छापायला तासभर लागला. नव्वदच्या वर कागद झाले. डबा ते दुसऱ्या दिवशी घरी पोचवणार होते, पण डिस्क मी त्यांच्याकडं ठेवली नाही. काढून घेतली, रुमालात गुंडाळली, पर्समध्ये घातली आणि येताना रिक्षा केली. गरम गरम कागदांचा गठ्ठा मांडीवर धरून मी सगळ्या रस्त्यानं एखाद्या खुळ्या बाईसारखी हसत होते.

नाना दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. मी चपला काढल्या न काढल्या आणि म्हटलं, "नाना, मी फाईल कागदावर छापून आणली. आता लाइट गेली तरी भीती नाही. वाचून दाखवू?" आणि उत्साहाच्या भरात, जो पहिला मनात आला तोच शब्द काढला. "शिकमीदार. जमिनीतला हिस्सेदार, ज्याचं नाव पट्ट्यावर नाही. असामी शिकमीशी गल्लत करू नये. गल्लत नेहमी होते."

वाचून झाल्यावर माझी मलाच जीभ चावावीशी वाटली. फाईलीत पहिल्यापासून बरोबरच होतं. ती गल्लत करू नये हेसुद्धा आम्हीच लिहून ठेवलं होतं.

"दुरुस्त केलं होतं ना आपण," मी म्हटलं.

"हो, केलं होतंस," नाना म्हणाले. "खूप जोरजोरात केलं होतंस."

 बाहेर कुणाच्या तरी दारात भाजीवाला भाव सांगत होता. त्यांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता, शब्द काढून घ्यायला ठेवतात तसा. आणि माझ्याकडं न बघता, जिथून मी अंधुक दिसते तिकडं मान वळवून त्यांनी विचारलं,

"हळद निघाली का सगळी?"

 म्हणजे दसऱ्याच्या सकाळपासून त्यांना माहीत होतं. मी ओल्या फडक्यानं घासत होते ते त्यांनी ऐकलं होतं. तांदळाच्या डब्याचं झाकण ऐकलं होतं. जिन्यातलं कुजबुजणं ऐकलं होतं. म्हणून वही. म्हणून पूजा सोडली, म्हणून जेवण जाईना. ते एकटे त्या बोटांना दोष देत बसले होते आणि मी त्यांना ओवा देत होते. आठ दिवस आम्ही दोघं एकाच घरात एकमेकांना सांभाळत, एकेकटे मरत होतो.

"निघाली, नाना," मी म्हटलं. कडेच्या एका स्क्रूत जरा पिवळं राहिलंय, ते नाही सांगितलं. "आणि चूक तुमची नव्हती. तुम्ही बाजू विचारली होती मला. मीच 'कुठलीही' म्हटलं."

"म्हटलं होतंस," ते म्हणाले. मग हात थोडा पुढं केला. "आणलीस का? दे बघू."

मी पर्समधून रुमाल काढला, डिस्क सोडवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांची बोटं मिटायच्या आत मी त्यांचा अंगठा धरला आणि पांढऱ्या लेबलवर नेऊन टेकवला.

"ही बाजू वर, नाना," मी म्हटलं.